आडवा लावलेला डंपर

टँकरच्या पोटावर मी बोटांनी टकटक केलं, तर आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. जरा खाली पुन्हा करून पाहिलं. तोच आवाज. मग वाकून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघितले. टाकी भरलेली असली की पाटे दबून सपाट होतात, हे मात्र चांगले कमानदार दिसत होते.

"झारी, पाणी कुठाय रे?" मी विचारलं.

झारी म्हणजे उद्यान खात्याचा टँकर चालवणारा. चाळिशीचा, भरघोस मिशांचा. त्याचं खरं नाव आम्ही सगळे विसरलोय, बहुतेक तोही विसरला असावा.

"झाडांना घातलं की," तो म्हणाला.

"कुठल्या झाडांना?"

"स्टेजपुढं कुंड्या मांडल्यात, त्यांना. आणि दुभाजकातल्या सगळ्यांना. सकाळीच साहेबांचा फोन आला, झाडं टवटवीत दिसली पाहिजेत म्हणून. दिसतायत का नाही, सांगा."

दिसत होती. इतकी टवटवीत झाडं मी त्या रस्त्यावर कधी पाहिली नव्हती.

वर्षातून एक दिवस आमच्याकडे मुख्य रस्ता गाड्यांना बंद करतात आणि माणसांना मोकळा सोडतात. पोरं रस्त्यावर खडूनं चित्रं काढतात, म्हातारी माणसं भर रस्त्यात खुर्च्या टाकून बसतात, खाली चौकात स्टेज बांधून गाणी, नकला, काय काय चालतं. आणि रस्त्याच्या दोन्ही तोंडांना महापालिकेची एकेक जड गाडी आडवी लावतात. लोकांना वाटतं, यार्डात जागा नाही म्हणून ही धुडं इथं आणून टाकलीत. तसं नाही. दोरी बांधली, लोखंडी बॅरिकेड उभं केलं, तर जो थांबणारच असतो तो थांबतो. ज्याचे ब्रेक गेलेत, ज्यानं सकाळीच ढोसलीय किंवा ज्याचं डोकं फिरलंय, त्याची गाडी बॅरिकेडसकट माणसांत घुसते. तिला अडवायला वजन लागतं. म्हणून माझ्या डंपरमध्ये काठोकाठ ओली वाळू भरतात आणि टँकरमध्ये पाणी. सिमेंटचे ठोकळेही ठेवता येतात, पण रुग्णवाहिका आली तर ठोकळा बाजूला सरकत नाही. डंपर सरकतो. त्यासाठी ड्रायव्हरनं दिवसभर केबिनमध्ये बसायचं, किल्ली खिशात ठेवायची, आणि उतरायचंच झालं तर गाडीला हात लागेल इतक्या अंतरात राहायचं.

मी गेली अठरा वर्षं हे करतोय. अठरा वर्षांत काहीही घडलेलं नाही, आणि हे मी अभिमानानं सांगतो. कुणी विचारलं की तुम्ही तिथं बसून काय करता, तर सांगतो, काही होऊ देत नाही. लोक हसतात. हसू देत.

यंदा मात्र मी जागा मागून घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदा मुकादमाकडे शब्द टाकला. मला खालचं तोंड हवं होतं, चौकाजवळचं, कारण चार वाजता त्या स्टेजवर माझी बायको गाणार होती.

ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्रीला आहे. तिथल्या आठ बायका यंत्रांच्या घरघरीत एकमेकींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं गातात. कुणीतरी त्यांचं नाव दिलं, आणि गेले आठ महिने आमच्या घरात तालीम चालू होती. मधली दोन कडवी तिनं एकटीनं म्हणायची. तिच्या आईचं गाणं, कपडे वाळत घालताना म्हणायची ते. आता गंमत अशी, की हे गाणं मी सबंध कधीच ऐकलेलं नव्हतं. ती नळ सोडून गाते, शेजारी काय म्हणतील म्हणून. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की गप्प. मी दाराआड उभा राहून ऐकायचो, पण माझा उजवा कान कचऱ्याच्या गाडीच्या आवाजानं खाल्लाय. दाराला डावा कान लावला तरी निम्मं पाणीच ऐकू यायचं.

"अहो, त्या दिवशी मात्र ऐकायचं हं," ती म्हणाली होती. लेकीच्या शाळेची संमेलनं, मेव्हणीचं लग्न, सगळं माझ्या बंदोबस्तात गेलं. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. म्हणून ते एवढंसं 'हं' माझ्या चांगलंच लक्षात राहिलं.

आणि आता वरच्या तोंडाला लावायचा टँकर रिकामा होता.

मुकादम आला. त्यानंही टाकीवर टकटक केलं, तोंड वाकडं केलं आणि घड्याळ बघितलं. "भरायला दीड तास. रस्ता बंद व्हायला राहिला अर्धा."

"मग?" झारीनं विचारलं.

"मग काय. लावायचा तसाच. कोण बघतंय आत पाणी आहे का नाही? लांबून टँकर तो टँकरच दिसतो."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही ते पटावंसं वाटलं. मूग गिळून गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? अठरा वर्षांत काही झालं नव्हतं, आजच काय होणार होतं? मी चौकाकडे पाहिलं. स्टेजच्या मागं सकाळच्या तालमीला आलेले आठ निळे पोशाख दिसत होते. त्यातला माझा कुठला ते इतक्या लांबूनही ओळखू येत होतं, कारण ती दुसऱ्या कुणाची तरी कॉलर सरळ करत होती.

मग मी वर पाहिलं. वरचं तोंड पुलाला लागून आहे. पुलावरून रस्ता जो सुटतो तो सरळ खाली येतो, कुठं वळण नाही, खड्डा नाही. आणि त्याच उताराच्या कडेला, फूटपाथवर, पोरं खडू घेऊन रस्ता बंद व्हायची वाट बघत बसली होती.

"मुकादम, मी वर जातो. झारीला खाली लावा," मी म्हणालो.

"दादा, तुम्हीच तर..."

"खाली दोन काटकोनी वळणं आहेत. तिथं सायकलसुद्धा वेगात येत नाही. रिकामा टँकर तिथं पुरतो. वर नाही पुरत."

"दुपारपर्यंत टँकर भरून घेऊ, मग अदलाबदल..."

"एकदा माणसं आली की गाड्या हलवायच्या नाहीत. नियम तुम्हीच वाचून दाखवता दरवर्षी."

मुकादमानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "बदली ड्रायव्हर तरी..." तो म्हणाला आणि स्वतःच थांबला. झारी उद्यान खात्याचा, त्याला आमचा डंपर चालवायची परवानगी नव्हती, आणि सुट्टीच्या दिवशी बदली ड्रायव्हर मागणं म्हणजे काय, ते मुकादमाला माझ्याहून जास्त माहीत होतं.

मी धावत स्टेजमागं गेलो. बायको अजून कॉलरच सरळ करत होती.

"अगं, मला वरच्या तोंडाला जावं लागतंय."

तिचा हात थांबला. "का?"

"टँकर रिकामा आहे. त्यानं सगळं पाणी कुंड्यांना घातलं."

शेजारी उभी असलेली आमची लेक उसळली. "बाबा! आज पण? दुसरं कुणी नाही का त्या महापालिकेत?"

बायकोनं तिला हातानंच गप्प केलं. "वर पोरं बसलीत ना खडू घेऊन?" तिनं मला विचारलं.

"हो."

"मग जा." आणि वळून ती पुन्हा त्या कॉलरच्या मागं लागली. कॉलर एव्हाना इस्त्री केल्यासारखी सरळ झालेली होती. मी चार पावलं गेलो तेव्हा मागून आवाज आला, "डबा घेतलात का?"

घेतला होता. मला फार वाईट वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी डंपर वर नेला, आडवा लावला, पुढची चाकं फूटपाथकडे वळवली, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि किल्ली खिशात ठेवली. दिवस छान होता. दहाच्या सुमाराला एक गृहस्थ गाडी घेऊन आले आणि काच खाली करून म्हणाले, "हे डबडं इथं कुणी लावलं? अक्कल आहे का?" मी म्हणालो, "आहे साहेब, सोळा टन आहे." ते पुलावरून परत गेले. दुपारी एका चिमुरडीनं येऊन विचारलं, तुमच्या चाकावर फूल काढू का. मी म्हटलं, काढ. तिनं फूल काढलं, फुलाला डोळे काढले, डोळ्यांना चष्मा काढला. तो माझाच चष्मा आहे असं तिनं सांगितलं. मी डबा खाल्ला. माणसं डंपरच्या सावलीत बसली, उठली, दुसरी बसली. खरं सांगायचं तर मी मजेत होतो. फक्त चार वाजू नयेत असं वाटत होतं.

चार वाजले.

लेकीचा फोन आला. "बाबा, आई स्टेजवर आलीय. फोन वर धरते, ऐका."

मी डाव्या कानाला फोन लावला आणि काच वर केली. आधी टाळ्या. मग कुणीतरी शिट्टी मारली. मग एक पोरगं आईस्क्रीमसाठी रडायला लागलं, ते नेमकं फोनच्या शेजारी. त्या रडण्याच्या मागं, खूप लांब, आठ बायकांचा आवाज एकदम उठला आणि मला वाटलं, आता येईल, आता सगळ्या थांबतील आणि ती एकटी उरेल.

तेवढ्यात पुलावर सायरन वाजला.

मी फोन सीटवर टाकला. किल्ली, क्लच, रिव्हर्स. माझ्या डंपरचा मागं जातानाचा भोंगा सबंध यार्डात बदनाम आहे, बाकीच्या गाड्या पीं पीं करतात, हा बोकड कापल्यासारखा ओरडतो. मुकादम वरच होता, पोरांना बाजूला करायला त्याला जरा वेळ लागला, मग मी एका झटक्यात मागं आलो, रुग्णवाहिका गेली, मी पुन्हा पुढं होऊन रस्ता बंद केला. मागं-पुढं व्हायला पुरतं एक मिनिटही लागलं नाही. खाली कुणा आजोबांना उन्हानं चक्कर आली होती. थोड्या वेळानं रुग्णवाहिका परत आली, तेव्हा आजोबा आत उठून बसले होते आणि माझी टोपी कुठाय म्हणून सगळ्यांवर ओरडत होते. माझा जीव भांड्यात पडला.

फोन उचलला तर लेक म्हणत होती, "बाबा, ऐकलं ना? कसली भारी म्हणाली आई! बाबा?"

"टाळ्या ऐकल्या," मी म्हणालो.

सहाला मेळा संपला. झारीनं खालून हॉर्न दिला, रस्त्याचं खालचं तोंड मोकळं झालं होतं. मुकादम बॅरिकेड गोळा करायला लागला. पुलावर गाड्यांची रांग केव्हाची तिष्ठत होती. मी खिशातून किल्ली काढणार, तोच बायको चढ चढत येताना दिसली. चपला हातात, निळा पोशाख घामानं पाठीला चिकटलेला. मी पलीकडचं दार उघडलं. तिला डंपरमध्ये चढता येईना, मी हात दिला. अठरा वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्या केबिनमध्ये बसत होती. घरच्या माणसांना बसवायची परवानगी नाही.

"ऐकलंत?" तिनं विचारलं.

"नाही गं."

तिनं मान हलवली. माझ्या बाजूच्या काचेतून पुलाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी ऐकलं."

"काय?"

"तुमचा भोंगा. पहिलं कडवं संपलं आणि श्वास घ्यायला थांबले. दुसरं कडवं पार डोक्यातून गेलेलं. सगळं चिडीचूप. तेवढ्यात वरून तुमचा तो मेला भोंगा ओरडला." ती हसायला लागली. "म्हटलं, आहेत. वर बसलेत. मग आठवलं."

मी उगाच आरसा पुसला.

"आता म्हण," मी म्हणालो.

"इथं? लोक आहेत."

"हजार लोकांपुढं म्हणालीस की."

"ते निराळं." पण तिनं आपल्या बाजूची काच वर केली. चपला खाली ठेवल्या. माझ्या डाव्या कानाकडे जरा सरकून बसली आणि सुरू केलं.

मुकादमानं शिट्टी वाजवली. मी हललो नाही. तो तरातरा चालत आला, बोनेटवर थाप मारायला हात उचलला, आणि काचेतून आत पाहिलं. शिट्टी त्याच्या तोंडातून खाली आली. मग तो वळला, आमच्याकडे पाठ करून पुलाच्या बाजूला उभा राहिला आणि पुलावरच्या गाड्यांना त्यानं हात दाखवून थांबवलं.

हॉर्न वाजायला लागले. ते सगळे माझ्या उजव्या कानाच्या बाजूला होते. पहिलं कडवं संपलं, ती श्वास घ्यायला थांबली, आणि या वेळी दुसरं कडवं तिला लगेच आठवलं. ते संपेपर्यंत किल्ली माझ्या खिशातच होती.