सतरा नंबरचं नाव

चर्चच्या दारातल्या संगणकाच्या पडद्यासमोर अख्खा गाव गोळा झाला होता. आज मृतांचा शनिवार. पाद्री ज्यांच्यासाठी प्रार्थना करणार, त्या जित्यामेल्यांची नावं पडद्यावर होती: जित्यांची घराच्या नंबरापुढे, मेल्यांची कबरीच्या. काल ‘सतरा’पुढे वेलिका आजीच्या लेकीचं, रुमेनाचं नाव होतं. आज तिथे मिंचो होता. हिवाळ्यात पुरलेला मिंचो!

“मिंचोनं तिची जागा घेतली,” झ्लातना म्हणाली. वितळलेलं शिसं पाण्यात ओतून ही बाई लोकांची भीती उतरवायची. “आता ती त्याची घेणार! शेजारच्या सतरा-अ वाल्यांनी माझ्याकडून शिसं ओतून घेतलं. बघा, त्यांचं नाव शाबूत!”

वेलिकाने लेकीचा हात घट्ट धरला. सोमवारी रुमेनाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

“आई, मी नाही जायची प्लोव्दिवच्या इस्पितळात,” रुमेना कुजबुजली. “टेबलावरच जाईन गं मी.”

“झ्लातना, हिच्यासाठीही शिसं ओत, तुझ्या पाया पडते!” वेलिका म्हणाली.

“थांबा आजी!” शाळेत गणित शिकवणाऱ्या त्सोनका बाई गर्दीतून पुढे आल्या आणि पडद्याचं काम बघणाऱ्या पोराकडे वळल्या. “ए कामेन, यादी तूच केलीस ना? काल नवं काय भरलंस?”

“तीन नव्या कबरी. सोळा, सतरा, अठरा.”

“आणि घरं?”

“घर-नंबरानंच. पण ते अवतरणचिन्हांत, शब्द म्हणून. कबरी आकड्यांत. गल्लत कशी होईल?”

“अरे शहाण्या, यादी पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलीस! ती भाषा अवतरणचिन्हांतल्या सतराचाही आकडाच करते. दोघांना खण एकच. मागून आलेला मिंचो त्यात बसला, रुमेना पुसली गेली. सतरा-अ मध्ये अक्षर आहे, त्याचा आकडा होत नाही. म्हणून ते वाचले, शिशानं नव्हे!”

“मग सोळा नि अठरा का नाही पुसले?” झ्लातना फिस्कारली.

“त्या घरांना दहा वर्षं कुलूप आहे, बाई. यादीत नावच नव्हतं, पुसणार काय?”

कामेनने प्रत्येक घर-नंबराआधी ‘घर’ लिहिलं. पडदा मिटला, उजळला. साठीत अक्षरं शिकलेल्या वेलिकाने बोट लावून वाचलं, “रु... मे... ना.”

“माझ्याच शिशानं!” झ्लातना ओरडली.

“तुझं शिसं अजून डब्यात आहे गं,” वेलिका म्हणाली. “रुमेना, चल घरी. सोमवारची पिशवी भरायची आहे.”

भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज नाही. पण घाबरून कुणाच्या पायाशी बसण्याआधी एवढं विचारावं: हे कोणी केलं, आणि कसं?