चुलीची पाठ

“पाठीला विटांचे दोन थर घाला,” मेदेर गवंड्याला म्हणाला. “ऊब तिकडे कशाला वाया घालवायची?”

तिकडे म्हणजे त्याच्या बापाकडे. मी शेजारीण, दुधाची किटली घेऊन दारात उभी होते. माझ्या या कानांनी ऐकलं.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. तिथे मेदेरचे वडील, जुमागाझीकाका, लाकडी पाळणे करायचे. घर आणि त्यांची कामाची खोली यांच्या मधल्या भिंतीत एकच चूल. तोंड कामाच्या खोलीत, पाठ घरात. काका दिवसभर रंधा मारायचे, ढलप्या चुलीत सारायचे आणि पलीकडे बायको-पोर उबेत झोपायचे. उभा जन्म असा गेला. मग बायको गेली, बाजारात प्लॅस्टिकचे पाळणे आले. सुनेला दिवस गेले, तिला खोली हवी झाली, तशी काकांची गादी कामाच्या खोलीत आली. वर आता चूलच फिरवली. तोंड घरात, पाठ म्हाताऱ्याकडे, तीही दोन थरांची!

“काका, तुम्ही गप्प कसे बसता हो?” मी भांडलेच.

“अगं सायरा, बाळ यायचंय. चूल आईजवळच हवी. आणि पाठही तापतेच की.”

काय तापते डोंबल! त्या जादा विटा गवंड्याच्या हातात काकांनीच उचलून दिल्या होत्या.

बाळ झालं ते ऐन थंडीत. बर्फाने घाट बंद, कोळशाची गाडी पलीकडेच अडकलेली. मेदेरने स्वस्तात घेतलेली लाकडं ओली, नुसता धूर. काकांनी पाळण्यांसाठी वर्षानुवर्षं सुकवलेलं वाळुंजाचं लाकूड तो रोज कवेत भरून न्यायला लागला. ढीग संपला.

त्या दुपारी मी काकांना गरम सूप द्यायला गेले होते. मेदेर कुऱ्हाड घेऊन आला आणि वर बघत राहिला. आढ्याला पाळणा टांगलेला होता, नातवासाठी केलेला. सून म्हणाली होती, आम्ही बाजारातून आणलाय.

“बाबा, हा तसाही पडूनच आहे.”

“मेल्या, लाज कशी वाटत नाही रे तुला?” मी ओरडले.

“मग पोर गारठू देऊ का, काकू?”

काका उठले. “कुऱ्हाड ठेव ती. मी सोडवून देतो.”

खिळा एकही नव्हता. त्यांनी खुंट्या ठोकून काढल्या, एकेक फळी मोकळी केली, मांडीवर पुसली. लाल रंगाचे दांडे मात्र बाजूला ठेवले.

“हे जाळू नकोस. रंगाचा धूर पोराच्या छातीत जाईल.”

मेदेर फळ्या घेऊन गेला. जाताना ऊब बाहेर जाऊ नये म्हणून मधलं दार घट्ट ओढून घेतलं. मला रडूच आलं.

पलीकडे बाळ किंचाळत होतं. हळूहळू आवाज उतरला, मग थांबला.

“झोपला गं,” काका हसले. दोन्ही तळवे त्यांनी चुलीच्या पाठीवर टेकले. “बघ सायरा, कशी तापलीय!”

मी हात लावला. विटा बर्फासारख्या गार होत्या.

“हो काका,” मी म्हटलं.

त्यांनी हात काढले नाहीत.