कुंचीतला पाला

साळूबाईला मी माफ केलेलं नाही. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात प्रार्थना चालते, त्यात क्षमेची ओळ आली की मी तोंड मिटून उभी राहते. बाकीचे एवढ्या मोठ्यानं म्हणतात की माझं गप्प राहणं कुणाच्या लक्षात येत नाही.

संगमनेरहून राहात्याकडं जाताना लागणाऱ्या आमच्या गावात मिशनचा छोटा दवाखाना आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, बाकी सगळा कारभार लिडिया सिस्टरांचा. सत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा तिथं कामाला नव्हते. माझ्या रूथच्या डोक्यात फोड झाले होते म्हणून तिला घेऊन ओट्यावर बसले होते. रूथ दीड वर्षाची. शेजारी मळ्यातली साळूबाई येऊन बसली, मांडीवर तिचा श्रीमंत. पोराला जाड कुंची घातलेली आणि कुंचीचा काठ पार हनुवटीपर्यंत ओढलेला.

"अहो, गुदमरंल की पोरगं," मी म्हटलं.

"नजर लई लागती त्याला," ती म्हणाली आणि काठ आणखी खाली ओढला.

रूथला तो खेळच वाटला. ती कुंचीचा काठ उचलायची, आत तोंड घालायची, खिदळायची. चारपाच वेळा तरी तिनं आत तोंड घातलं असेल. मी हसत बघत होते. कुंचीतून एक कडुलिंबाचं पान माझ्या मांडीवर पडलं. मी ते झटकून टाकलं.

पुढं रूथला ताप चढला, अंगावर गोवर उठला. शेजारच्या चांगुणा म्हातारीनं तिच्या उशाशी लिंबाचा पाला आणून ठेवला, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडं गोवर आला की आई आली म्हणतात. दाराला लिंब बांधतात, फोडणी बंद करतात, मुलाच्या अंथरुणात पाला ठेवतात. दवाखान्यात मात्र न्यायचं नाही, आई कोपते. साळूबाईच्या घरात आई आलेली होती. पोराला जुलाब लागल्यावर तिचा धीर सुटला आणि ती चोरून दवाखान्यात आली. गोवराच्या मुलांना मागच्या चिंचेखाली वेगळं बसायला सांगत. तिथं गावकुसाबाहेरच्या बाया बसतात ते मळ्यातल्या या बाईसाहेबांना ठाऊक होतं, त्यांच्याबरोबर बसायची तिची तयारी नव्हती. म्हणून तिनं पोराचं तोंड झाकलं आणि माझ्या पोरीशेजारी आणून बसवलं.

श्रीमंत बरा झाला. रूथच्या छातीत कफ भरला आणि ती गेली.

महिन्याभरानं साळूबाई मला बाजारात भेटली. मला वाटलं, मान तरी खाली घालेल. ती म्हणाली, "तुमच्यात आईचं काय करत न्हाईत ना, म्हनून नेली तिनं." असं म्हणून भेंडी निवडायला लागली. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली.

रूथनंतर माझं घरात मन लागेना. सिस्टरांनी मला दवाखान्यात आया म्हणून ठेवून घेतलं. बहात्तरचा दुष्काळ पडला, खडी फोडायला गावोगावची माणसं आली आणि त्यांच्याबरोबर पोरांचा खोकला आला, गोवर आला. सिस्टरांनी जुन्या चादरी फाडून चौकोनी फडकी केली, कोपऱ्यांना नाड्या लावल्या. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या नाकातोंडावर फडकं बांधायचं, असा नियम झाला. वापरलेली फडकी झाकणाच्या बादलीत टाकायची आणि चुलीवरच्या हंड्यात उकळायची. हे काम माझं.

दोन वर्षांचं पोर तोंडावर फडकं ठेवतं होय? ओढून फेकतं, चावतं, बोंबलतं. मी एक युक्ती काढली. आधी आईच्या तोंडाला फडकं बांधायचं. आई तशी दिसली की पोर हसतं आणि मग स्वतःचं तोंड पुढं करतं. बाया लाजायच्या, पण बांधून घ्यायच्या.

मी वाट बघत होते. मळ्यातल्या विहिरीला पाणी होतं, साळूबाईला खडी फोडायची वेळ आली नव्हती, पण दुखणं काय मळ्याचा बांध बघून थांबतं? एका सकाळी ती आलीच. कडेवर धाकटी बनी, तिचा कान वाहत होता. बाकी पोरगी ठणठणीत. त्याआधी थोडाच वेळ चिंचेखाली गोवराचं एक मूल येऊन गेलं होतं. त्याचं शेंबडानं भिजलेलं फडकं बादलीत सगळ्यात वर पडलं होतं.

मी ते उचललं. कागदात गुंडाळलं आणि कमरेला खोचलं. चुकून नाही, समजून उमजून, हे मी आज मुद्दाम सांगते आहे.

दुसऱ्या हातात उकळलेली दोन फडकी घेऊन मी ओट्यावर गेले. "तोंड करा पुढं. आधी तुमाला बांधते, मंग पोरीला."

साळूबाई मागं सरली. "तुमचं फडकं माझ्या तोंडाला? न्हाई बाई. आनि पोरीकडं अशी टक लावून बघू नगं, मरिये." तिनं पदर बनीच्या तोंडावर ओढला. अगदी तसाच, हनुवटीपर्यंत.

माझी नजर लागेल म्हणून! कानशिलं तापली माझी. हात कमरेकडं गेला. मला फक्त फडकं बदलायचं होतं, बाकी सगळं आपोआप होणार होतं. साळूबाई बांधून घेईना, म्हणून मी सवयीनं एक फडकं स्वतःच्या तोंडाला बांधलं. बनीनं पदराखालून बघितलं. तिला गंमत वाटली. ती पदर वर करून माझ्याकडं तोंड आणायला लागली, खिदळायला लागली.

मला दया आली असं कुणी समजू नये. माझं वैर त्या पोरीशी नव्हतंच. शिवाय पोरगी गेली असती तर साळूबाईनं तेही आईच्या नावावर टाकलं असतं आणि बाजारात भेंडी निवडत बसली असती. मला तिला इतक्या स्वस्तात सोडायचं नव्हतं.

पोरांसाठी नियमच होता, तिथं साळूबाईचं चाललं नाही; मी बनीला उकळलेलं फडकं बांधलं. दाराशेजारच्या कडुलिंबाची डहाळी खाली लोंबत होती, तिचं एक पान तोडून मी मानेमागच्या गाठीत अडकवलं. मग आत जाऊन कमरेचा कागद फडक्यासकट चुलीत घातला.

कान धुऊन झाला, औषध घालून झालं. साळूबाईनं फडकं सोडलं आणि पान तिच्या तळहातावर पडलं.

"ह्यो पाला कसला?" तिनं विचारलं.

"तुला ठावं नसंल तर कुनाला?" मी पहिल्यांदाच तिला अगं-तुगं केलं. "तुझ्या श्रीमंतच्या कुंचीतनं माझ्या मांडीवर पडला हुता. परत केला. सकाळी गोवराचं पोर येऊन गेलंय हितं."

तिचा चेहरा पांढरा पडला. "हे फडकं कुनाचं हुतं?"

"पंधरा दिसांत कळंल."

कुंपणाच्या फाटकापाशी जाऊन ती पोरीचं तोंड पदरानं खसाखसा पुसत राहिली. पोरगी किंचाळत होती. मी चुलीपाशी बसून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. दोन वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. फाटकाबाहेर उभी. "मरिया, खरं सांग." मी हंड्यातली फडकी काठीनं ढवळत राहिले. तिसऱ्या दिवशी आली, चौथ्या दिवशी आली. चांगुणा म्हातारी सांगायची, तिनं आई यायच्या आधीच दाराला लिंब बांधलाय, फोडणी बंद केलीय, दिवसातून दहादा पोरीला उघडी करून पाठ बघते. घरचे विचारतात तर बोलत नाही. बोलणार काय? सिस्टरांकडं माझी तक्रार करायची तर पाल्याचा अर्थ सांगावा लागणार, आणि तो सांगायचा म्हणजे श्रीमंतचं सगळं बाहेर यायचं. तिचं तोंड तिनंच बांधलं होतं.

एकदा तर ती म्हणाली, "तुमच्या देवाला सांग की गं माझ्या पोरीचं." मी म्हटलं, "रूथसाठी सांगून झालंय. त्यानं ऐकलं न्हाई."

मग एके रात्री बनीला कणकण आली. सकाळी साळूबाई केस न विंचरता धावत आली, फाटक दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. रडून डोळे सुजले होते. डॉक्टर यायचा दिवस होता, ओटा बायांनी भरलेला.

"सांग गं बाई, तुझ्या पाया पडते."

"तू आदी सांग," मी म्हटलं. "हितं, समद्यांम्होरं. मंग मी सांगते."

ती ओट्यापाशी आली. बायांकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं. लिडिया सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"माझ्या श्रीमंतला गोवर हुता," ती म्हणाली. "मला म्हाईत हुतं. तोंड झाकून आनला आनि हिच्या रूथीशेजारी बसले. रूथी कुंचीत तोंड घालीत हुती, तरी मी बोलले न्हाई."

रूथचं नाव त्या ओट्यावर दोन वर्षांनी कुणीतरी घेतलं.

"फडकं उकळलेलं हुतं," मी म्हटलं. "पोरीला कानाचा ताप आसंल. घेऊन ये."

ती मटकन खाली बसली. म्हणाली, "मंग येवढे दिस मला जाळलंस का गं?"

"तुला निदान पोरगी परत मिळाली."

सिस्टरांनी मला आत बोलावून चांगलंच झापलं. मी ऐकून घेतलं, पण चुकलं असं म्हटलं नाही.

दुपारी साळूबाई बनीला घेऊन आली. कान पुन्हा वाहत होता, बाकी काही नाही. मी फडकी घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. तिनं पोरीचं तोंड झाकलं नाही. स्वतःचा पदर डोक्यावरून काढला, पाठ माझ्याकडं केली आणि मान खाली वाकवली. "आदी मला बांधा, मरियाबाई," ती म्हणाली.

मी बांधलं. गाठ लागते त्याहून जास्त आवळली. तिनं मान तशीच वाकवून ठेवली.