ओल्या लाकडाचा भार

मित्रांनो, मी पाइनच्या फळ्यांची एक जुनी मधपेटी आहे, आणि माझ्या मनात डूख आहे. म्हाताऱ्या लाकडाने क्षमाशील असावं असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटो.

लिथुएनियातल्या जंगलाकडेच्या एका गावात आदोमासने मला घडवलं. शेजारणीच्या, मोर्ताच्या, बागेतून माश्यांचा एक थवा उडाला आणि माझ्यात येऊन वसला. आमच्याकडे माश्या विकत नाहीत. थवा ज्याच्या अंगणात उतरतो, तो आधीच्या मालकाचा सोयरा होतो. आदोमास गेल्यावर मोर्ताने त्याच्या मुलाला, ल्यूदासलाही, 'सोयऱ्या' अशीच हाक मारली. त्याने ती कधी कमावली नव्हती.

आदोमास दर उन्हाळ्यात मला जवसाचं तेल पाजायचा. ल्यूदासने छपराची चीरसुद्धा बुजवली नाही. मधाने भरलेल्या चौकटी मात्र त्याने ओढून काढल्या आणि नेहमीच्या हिवाळ्याला जेमतेम पुरेल एवढंच आत ठेवलं.

पण तो हिवाळा नेहमीचा नव्हता. बर्फ पडलाच नाही, नुसता पाऊस. थंडी असली की माश्या एकमेकींना बिलगून बसतात, थोडंसं खातात आणि राणी अंडी घालायची थांबते. त्या वर्षी राणी थांबेना. पिल्लांना भरवायचं, उन्हं पडली की बाहेर घिरट्या घालायच्या आणि रिकाम्या पोटी परतायचं, कारण फुलं कुठेच नव्हती. कोठार भराभर रिकामं होत गेलं आणि मी ते पाहत राहिले.

जानेवारीत मोर्ता माश्यांना घालायला साखर मळून केलेला गोळा फडक्यात बांधून आली.

"सोयऱ्या, पेटी जरा उचलून बघ रे. माझ्या तर साफ हलक्या झाल्यात."

ल्यूदासने एका हाताने माझी मागची कड जराशी उचलली आणि तो हसला. "दगड आहे, दगड! तुझ्याच माश्या खादाड, सोयरीणबाई."

"अरे, भिजलीय ती. झाकण तरी उघड."

"हिवाळ्यात पेटी उघडायची नाही, बाबांनीच शिकवलंय. आणि हा गोळा ने परत. माझ्या माश्या भिकेला लागल्या नाहीत."

मित्रांनो, तो भार मधाचा नव्हता. चिरेतून मुरलेल्या पावसाचा होता, म्हणजे त्याच्याच आळसाचा. मला दात असते तर तिथेच त्याची बोटं तोडली असती.

फेब्रुवारी सरता सरता त्याने झाकण उघडलं. माझ्या साऱ्या माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांमध्ये डोकी खुपसून मेल्या होत्या. शेवटचा थेंब शोधत होत्या बिचाऱ्या.

आमच्याकडे माश्यांनाही माणसांसारखी माती देतात. मोर्ताने मेलेल्या माश्या लिननच्या टॉवेलात गोळा केल्या आणि लिंडेनच्या झाडाखाली पुरल्या. अर्धा गाव उभा होता. ल्यूदास टोपी हातात घेऊन पुढे आला.

"झालं ते झालं, सोयरीणबाई. मे महिन्यात तुझा एखादा थवा सुटला की..."

मोर्ताने हाताची माती झटकली. "कोणाची सोयरीण, साहेब? पेटी तेवढी द्या. तिला तेल पाजायचंय."

लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

आता मी मोर्ताच्या कुंपणाशी उभी आहे. छप्पर नवं आहे, आत नवा थवा आहे, आणि माझं दार ल्यूदासच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आहे. मध गावात घरोघरी जातो, फक्त एका घरी जात नाही.

मित्रांनो, हिवाळा उबदार असला तर नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नका. झाकण उचला, आत बघा, आणि उपाशी माश्यांना वेळेवर खायला घाला. माफ करायला मात्र मला शिकवू नका.

यंदाही बर्फ नाही. आज सकाळी मोर्ता माझं झाकण उचलून साखरेचा गोळा ठेवत होती. ल्यूदास कुंपणापाशी बराच वेळ घुटमळला.

"सोयरीणबाई," तो हळूच म्हणाला, "ठीक आहेत ना गं त्या?"

मोर्ताने झाकण नीट बसवलं आणि मागे न बघता म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय, साहेब?"