राखणीची बाटली

माझा बाप विठू दारूने गेला, भाऊ काशीरामही दारूनेच गेला. म्हणून काशीरामचा मुलगा रितेशसुद्धा तसाच जाणार, असं माझ्या वहिनीने, मथुराने, तो पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. "वन्सं, रगात हाय त्ये. खाण तशी माती," म्हणायची.

मी पडले फटकळ. "त्येच रगात माज्या अंगात पन हाय वैनी. मी कुटं पडलेली दिसलेय तुला?" माझं मत सरळ होतं. दारू रक्तात नसते, संगतीत असते. काशीरामला मुंबईच्या खोलीवरच्या सोबत्यांनी बिघडवला, नाहीतर माणूस सोन्यासारखा होता.

आमचे हे वाद रितेश जेवता जेवता ऐकायचा. मिरजोळ्याला एका कंपनीत फिटर होता, तिशीला आलेला. हसून म्हणायचा, "मना इचारा ना कदी तरी. मी पीत नाय, कारन मना प्यायची नाय." इतकं सोपं बोलायचा की आम्हा दोघींनाही पटायचं नाही. मथुरा तर तो कामावरून आला की दारातच त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. एवढा बाप्या, पण मुकाट तोंड उघडायचा.

आमच्याकडे आंबा उतरवण्याआधी बागेत राखण देतात. कोंबडा कापायचा आणि घरच्या कर्त्या पुरुषाने बागेच्या राखणदार देवाच्या दगडावर दारूची धार धरून गाऱ्हाणं घालायचं. काशीराम गेल्यापासून मथुरा हे काम शेजारच्या धाकूकडून करून घ्यायची. मुलाच्या हाताला बाटली लागायला नको. यंदा रितेश अडून बसला. "घरात मी असताना धाकूकाका कशाला? मी वतनार, पिनार नाय." मथुरा रडली, भांडली आणि शेवटी तयार झाली.

त्याने धार धरली. उरलेली बाटली धाकूने आणि मंडळींनी संपवली. रितेश रस्साभात जेवला आणि वानरं पहाटेच बागेत उतरतात म्हणून तिथल्याच मांगराच्या खोपटात भुईवर आडवा झाला. मी संध्याकाळीच माझ्या घरी परतले होते. पुढचं मला मथुराने सांगितलं.

सकाळी तो घरी आला तो झोकांड्या खातच. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जीभ जड. "आये, मना..." एवढंच कळलं. त्या दिवशी तिने वास घेतलाच नाही. कशाला घेईल? आयुष्यभर ज्या गोष्टीची धास्ती घेतली, तीच दारात उभी होती. "गेलास ना बापावर!" म्हणून तिने कपाळ बडवून घेतलं, त्याला पडवीत लोटलं आणि घरामागच्या परड्यात कामाला निघून गेली. उतरेल तेव्हा उठेल. काशीरामच्या वेळीही ती हेच करायची. दुपारी जेवायला हाक मारायला गेली, तर पोराचे ओठ निळे पडलेले.

मी इस्पितळात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर मथुराला समजावत होते. मण्यार चावली होती. ती झोपेत चावते, कित्येकदा माणसाला कळतही नाही. मग पापण्या मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, पाय लटपटतात. सकाळीच आणलं असतं तर बहुतेक वाचला असता.

"आनि दारू?" मथुराने विचारलं.

"नाही हो बाई. तोंडाला वाससुद्धा नव्हता."

प्यायलाय समजून पोराला दुपारपर्यंत पडवीत टाकला, हे निरोप्याकडून कळल्यावर वाटेतच मी ठरवलं होतं, आज हिला सोडायची नाही, फाडून खायची. पण तिचं तोंड बघितलं आणि नुसती शेजारी बसले. तिने माझा हात धरला.

"वन्सं," ती म्हणाली, "माजा पोरगा प्यायलेला आसता, तर सांजच्याला उठला आसता ना ओ?"