दिवसा ओढलेले पडदे

आरशात आज तो डावीकडच्या कोपऱ्यात होता, तोही अर्धाच — एक खांदा, करड्या कोटाची बाही आणि कॅमेऱ्याचा काळा पट्टा. खिडकीबाहेर लोखंडी दांडीवर बसवलेला तळहाताएवढा आरसा. आत खुर्चीत बसून दोन्ही बाजूंची गल्ली दिसते आणि आपण बघतोय हे गल्लीला कळत नाही, अशी सोय. आईने तो बसवला होता दारात कोण आलंय ते बघायला. अलेइदा मात्र गेले सहा दिवस त्यात एकाच माणसाला बघत होती. सहा दिवस! हार्लेम बघायला माणसाला लागतात किती दिवस? मोठं चर्च, चौक, पवनचक्की, नदीकाठ… दोन दिवसांत सगळं उरकतं. हा मेला या गल्लीला चिकटलाय, आणि गल्लीत बघण्यासारखं आहे काय, तर खिडक्या.

खिडक्यांसाठीच आलाय म्हणे. समोरच्या घरातल्या याकोमिनला त्याने बेकरीत सांगितलं होतं, आणि याकोमिनच्या पोटात कधी काही राहिलंय? "अगं, पुस्तक काढतोय तो, गावांच्या स्वभावावर. म्हणतो कसा, मनोऱ्यांचे फोटो सगळेच काढतात, गाव कळतं ते लोकांच्या खिडक्यांवरून. गेंटचा आहे. आणि नाव काय माहितेय? बावो!" एवढं सांगून ती खदखदून हसली होती. अलेइदाला हसू आलं नाही. आमच्या चर्चच्या संताचं नाव लावून आमच्याच गावात यायचं — कोणाला बनवतोय हा? असतील गेंटमध्ये बावो नावाची माणसं, नाही कशाला म्हणा… पण कुठेतरी पाणी मुरतंय.

कारण तिच्या खिडकीत तिचा नवरा, एव्हर्ट, होता. खिडकीच्या कट्ट्यावर जिरेनियमच्या दोन कुंड्या, आणि त्यांच्यामध्ये कांदे. लहान डावीकडे, मोठे उजवीकडे, मधले मध्ये; एकेक उचलायचा, फुंकर मारून पापुद्रा उडवायचा, अंगठ्याने बूड दाबून बघायचं आणि रांगेत ठेवायचा. सदतीस वर्षं तो ट्यूलिपच्या कंदांच्या गोदामात मुकादम होता. डोळे मिटून नुसत्या बोटांनी कंदाची जात सांगायचा, आणि व्यापारी त्याच्या बोटांवर विश्वास ठेवून माल उचलायचे. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार — बायकोला कामात मदत करणारा गोड म्हातारा. दुपारपर्यंत रांगा पूर्ण झाल्या की तो त्या दोन्ही हातांनी मोडतो आणि पहिल्यापासून सुरू करतो, हे बाहेरून दिसत नाही. आज सकाळी त्याने अगदी अदबीने विचारलं, "बाई, तुम्हाला कोणत्या गोदामातून पाठवलंय?" तेव्हा ती कॉफी ओतत होती, आणि ती ओततच राहिली, बशी भरेपर्यंत.

हे कोणालाही ठाऊक नव्हतं. याकोमिनला नाही, डॉक्टरांनाही नाही. उट्रेख्टला राहणाऱ्या मुलीला, हेस्टरला, वास लागला होता. ईस्टरला आली तेव्हा भांडी पुसता पुसता म्हणाली होती, "आई, बाबांना एकदा दाखवून घेऊ या ना. समुद्राकडे, टेकड्यांत, अशा माणसांना सांभाळणारी फार चांगली जागा आहे. मोठी बाग आहे." बाग! बाग म्हटलं की मी कोट चढवून देईन याच्या अंगात आणि बसवीन गाडीत… एक्केचाळीस वर्षं त्याचा कोट माझ्या कोटाशेजारी लटकतोय. तो नेला की भिंतीवर नुसती खुंटी उरेल, आणि मी त्या खुंटीकडे बघत जेवू? तेव्हापासून फोनवर बोलणं आटोपतं घ्यायचं, दोन मिनिटं एव्हर्टला द्यायचा, तो म्हणतो "हो हो, मजेत", आणि लगेच काढून घ्यायचा. हेस्टर हुशार आहे. पुरावा हवा असेल तिला, म्हणून धाडलं असेल याला. फोटोइतका चांगला पुरावा दुसरा कोणता?

त्याला खिडकीतून उठवावं, तर तो लहान मुलासारखा रडतो — उजेडाशिवाय कंद कळत नाही म्हणतो. आणि खिडकी रिकामी दिसली की याकोमिन आलीच विचारायला. म्हणून तो तिथेच.

दहा वाजता बेल वाजली. तोच होता.

"नमस्कार बाई. रोज बाहेरून बघतो तुमच्याकडे, म्हटलं आज विचारून घ्यावं."

"बघताना नाही विचारलंत."

तो हसला. मोकळं हसला, असली साळसूद माणसं मोकळंच हसतात. पिशवीतून त्याने पुठ्ठ्यात ठेवलेला फोटो काढला. "हा एव्हर्टसाहेबांचा. बघा तरी."

नाव! याच्या तोंडात नाव कुठून आलं? पण तोवर नजर फोटोवर गेली होती. फोटो चांगला होता, हीच मोठी पंचाईत. सकाळचं ऊन, कुंड्या, कांद्यांच्या रांगा, आणि वाकलेला एव्हर्ट… क्षणभर तिला गोदामातला तो तरुण मुकादम दिसला, आणि मग तिला डोळे दिसले. ओळखीचा चेहरा समोर यावा आणि नाव काही केल्या आठवू नये, तसा तो हातातल्या कांद्याकडे बघत होता. ज्याला बघता येतं त्याला हे दिसणार. हेस्टरला एका नजरेत दिसेल.

"या एका फोटोत अख्खं गाव आलंय बघा," बावो म्हणाला. "पडदा नाही, लपवाछपवी नाही, आणि कामात केवढा जीव! परवानगी दिलीत तर मुखपृष्ठावर घेईन."

"त्यांचं नाव कोणी सांगितलं तुम्हाला?"

तो गोंधळला. मग त्याने बोटाने दाखवलं — दारावरची पितळी पाटी, एव्हर्ट ब्रिंकमन, दर शुक्रवारी ती स्वतः घासते ती. तिचे कान तापले. पण पाटी काय, कोणीही वाचतं आणि वाचल्याचं सांगतं.

"परवानगी नाही."

"घाई नाही बाई, विचार करा. मी आहे इथेच संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळपर्यंत का? हेस्टरचा फोन संध्याकाळी येतो.

दार लावून ती खोलीत आली तर तो समोरच्या फुटपाथवर उभा, कॅमेरा वर उचललेला. कोणाकडे वळवलाय ते कळेना, पण एव्हर्ट त्याला हात करत होता, हातात कांदा धरून… बस्स. झालं एवढं पुरे. तिने खिडकीच्या दोन्ही बाजूंचे जाड तपकिरी पडदे धरले. शोभेचेच ते, या गल्लीत दिवसा पडदे कोणी ओढत नाही. कड्या गंजलेल्या, धूळ डोळ्यांत गेली, एक कडी तुटून कुंडीत पडली. दुसऱ्या हिसक्याला खोली अंधारली आणि तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की ती तिथेच भिंतीला टेकली. बघ म्हणावं आता.

एव्हर्ट रडला नाही. त्याने कांदा खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि मांडीवर जुळवून ताठ बसला. मग हळू आवाजात, आणि गेल्या वर्षभरात प्रथमच तिच्याकडे नीट बघून, म्हणाला, "कोण गेलं गं, अलेइदा?"

सात वर्षांची होती ती, नऊ नंबरच्या घरात तिच्या वर्गातल्या मुलीचे वडील गेले तेव्हा; त्या घराचे पडदे बंद झाले आणि आईने हातातली वाटी तशीच ठेवून आपले ओढले, मग शेजारच्यांनी, मग समोरच्यांनी… प्रेत हलेपर्यंत गल्लीने डोळे उघडले नव्हते. दिवसा पडदा ओढण्याला इथे एकच अर्थ आहे. याला माझं नाव आठवत नव्हतं सकाळी, आणि हे आठवलं.

तिने फटीतून पाहिलं. समोर याकोमिन खिडकीत उभी होती, तोंडावर हात. मग तिचे पडदे सरकले. त्यानंतर बेकरीच्या वरच्या मजल्यावरचे. मग अकरा नंबर, मग मास्तरांचं घर — एकेक करून, आवाज न करता, गल्ली मिटत गेली. मध्ये बावो एकटा. तो गर्रकन फिरला, एका खिडकीकडून दुसरीकडे, ज्यांच्यासाठी आला होता त्या सगळ्या बंद. मग त्याला समजलं असावं, कारण त्याने टोपी काढली. कॅमेरा छातीवर तसाच लोंबत होता. काढ ना फोटो, असं तिच्या मनात आलं, काढ, आता का नाही काढत? म्हणजे तुला चोर तरी म्हणता येईल मला. तो मान खाली घालून उभा होता.

पडदे उघडायला हवेत. आत्ता, या क्षणी. हसून सांगावं, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून… तिचा हात कापडावर होता आणि हलत नव्हता. या गल्लीत जन्मले मी. मला ठाऊक नव्हतं? दुसरं काही सुचलं नसतं का — खुर्ची फिरवता आली असती, चादर टांगता आली असती. सहा दिवस मी त्या फोटोवाल्याच्या हातांवर पाळत ठेवली, त्याच्या कोटावर, त्याच्या नावावर. आणि हे हात, माझे, काय करतायत हे एकदाही बघितलं नाही.

बेल वाजली. एव्हर्ट उठू लागला, तिने त्याला खांदा दाबून बसवलं. दारात याकोमिन होती, काळा कोट घाईने चढवलेला, बटणं वरखाली लागलेली, डोळे लाल. "अगं, आत्ता तर बसला होता गं खिडकीत! मी हात केला त्याला. कसं झालं?"

बसल्या बसल्याच. काही त्रास झाला नाही त्याला. झोप लागावी तसा…

वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती, तिन्ही, कुठे थांबायचं तेही ठरलेलं, आवाज किती खाली आणायचा तेही. आत्ता सुचलेली नव्हती ती. किती रात्री अंथरुणात, किती सकाळी भांडी घासताना घोटली असतील, तेव्हा कुठे अशी गुळगुळीत झाली होती. आणि मी समजत होते की मी त्याला जपतेय. तिला आपल्याच तोंडाची भीती वाटली. ओठ घट्ट मिटून ती याकोमिनच्या उलटसुलट लागलेल्या बटणांकडे बघत उभी राहिली.