वरचा रुपया

आप्पासोंनी उभ्या जन्मात कुणाला नुसते शंभर दिले नव्हते. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या घरची वास्तुशांत असो, नोटेबरोबर रुपया असायचाच. शून्यावर थांबलं की देणंघेणं तिथंच संपतं, वर रुपया असला की येणंजाणं चालू राहतं, असं त्यांची आई सांगायची. फौजेत वीस वर्षं काढून ते हवालदार होऊन परतले, पण ही सवय काही सुटली नाही. आणि सुटावी अशी वाईट सवय नव्हतीच ती, हेच तर खरं दुखणं आहे.

कवठे महांकाळच्या अलीकडे, माळावर त्यांची वस्ती. फौजेतून आल्यावर त्यांनी घरोघर फिरून पाण्याची संस्था उभी केली. तलावाकाठी विहीर, विहिरीवर पंप आणि दारोदार नळ. अध्यक्ष अर्थातच स्वतः. कुणाच्या नळाची तोटी गळताना दिसली, तर दारात उभं राहून घरधन्याची चारचौघांत शोभा करायचे. लोक पाठीमागे त्यांच्या नावाने बोटं मोडायचे आणि घरात जाऊन त्यांच्याच नळाचं पाणी प्यायचे.

गेल्या वर्षी वीज कंपनीच्या कुणा साहेबाला पिण्याच्या पाण्याचा हा पंप म्हणजे धंदा वाटला. त्याने धंद्याच्या दराने मागल्या कैक महिन्यांचा फरक लावला. तो काही वस्तीला भरता येईना, म्हणून वीज तोडली. नळ कोरडे पडले, आणि बायका पुन्हा घागरी घेऊन ओढ्यातल्या जुन्या विहिरीवर जाऊ लागल्या. त्या उतारावर आप्पासोंची सून रेश्मा घसरून पडली आणि तिच्या पोटातलं मूल गेलं. तिचा नवरा शंभूराज तेव्हा बर्फात कुठेतरी चौकीवर होता. त्याला फोनवर ही बातमी आप्पासोंनीच सांगितली.

यंदा रेश्माला पुन्हा दिवस गेले. ते कळलं त्या दिवशी आप्पासो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"पोरी, उनाळ्याच्या आत नळाला पानी येईल. माजा शब्द हाय."

"व्हय मामंजी," रेश्मा म्हणाली. तिने विश्वास ठेवला, बिचारीने.

कागद सांगलीच्या वकील विनोदिनीबाईंनी तयार केले. विजेचे दर ठरवणारा आणि असले तंटे सोडवणारा एक आयोग असतो. तिथे अपील दाखल झालं, की निकाल लागेपर्यंत वीज जोडून द्या असा हुकूम पंधरवड्यात मिळू शकेल, असं बाईंचं म्हणणं.

"पण घाई करा, आप्पासाहेब. आयोगाने अर्जांचं शुल्क अद्ययावत केलंय."

"अद्ययावत म्हंजी वो?"

"वाढवलंय. आज दहा हजार आहे, एक एप्रिलपासून पन्नास. आणि आपली मुदतही मार्चअखेरच संपतेय."

"मग वाढवलं म्हनायचं की सरळ!" आप्पासो म्हणाले.

नेमकं त्याच दिवशी मिरजेला विनोदिनीबाईंच्या आईचं ऑपरेशन होतं. त्यांनी कागदांचं पाकीट न चिकटवताच आप्पासोंच्या हवाली केलं. बँकेतून डीडी काढा, आत घाला आणि लगेच स्पीड पोस्टाने पाठवा, एवढं बजावून त्या गेल्या.

बँकेच्या खिडकीतल्या बाईने चिठ्ठी वाचून वर पाहिलं. "काका, दहा हजार एक?"

"वर रुपया," आप्पासो म्हणाले. "शुभ काम हाय."

बाई हसली. तिच्याही घरी हीच रीत असणार. तिने डीडी छापून दिला. दहा हजार वस्तीने जमवले होते, पण तो रुपया आप्पासोंनी खास स्वतःच्या खिशातून घातला होता. पोस्टातून बाहेर पडताना त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी घरी पेढे नेले.

पाकीट परत आलं तेव्हा एप्रिल उजाडला होता. आप्पासो तसेच सांगलीला गेले. विनोदिनीबाईंनी सोबतचं पत्र वाचलं. डीडीची रक्कम ठरलेल्या शुल्काशी जुळत नाही, सबब अर्ज दाखल न करता परत. मग त्यांनी डीडी उचलून त्यावरचा आकडा वाचला.

"रुपया जास्त का भरलात?"

आप्पासोंना प्रश्नच कळेना. "कमी तर न्हाई न्हवं?"

"कमी चालत नाही, तसं जास्तही चालत नाही त्यांना." बाईंचा आवाज खाली गेला. "मी बघायला हवं होतं."

आता नवं शुल्क, शिवाय उशीर माफ करा म्हणून निराळा अर्ज, आणि त्यालाही निराळं शुल्क. वस्तीवर कुणी आप्पासोंना दोष दिला नाही. बिराप्पा एवढंच म्हणाला, "एकडाव दिलं आप्पासो, आता न्हाई जमायचं." बाकीचे माना खाली घालून उठून गेले. कुणीतरी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

त्यांनी आपली ठेव मोडून सगळं भरलं. या खेपेला विनोदिनीबाईंनी डीडी पुन्हा पुन्हा वाचला. पण पावसाळ्याआधी हुकूम हाती यायची आशा नव्हती, आणि रेश्माचं पोट काही पावसाळ्यासाठी थांबणार नव्हतं.

कोरेगावहून तिचा भाऊ जीप घेऊन आला. बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण रेश्माने आपली भांडी, कपाट, शिलाई मशीनसुद्धा जीपमध्ये चढवलं.

"तिकडंच खोली घेनार हाय," ती म्हणाली. "त्यांचं बी तसंच म्हननं हाय."

सासूने, दगडाबाईने, तिची ओटी भरली, आणि तेवढ्यात पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला. सुनेला नीट जवळही घेता आलं नाही. घागर उचलून म्हातारी रस्त्याकडे पळाली.

दारात आप्पासो आणि रेश्मा उरले. त्यांनी खिशातून नोटा काढल्या, वर रुपया ठेवला आणि हात पुढे केला. रेश्माने नोटा घेतल्या. रुपया उचलून त्यांच्या तळहातावर परत ठेवला.

"ह्यो राहू द्या, मामंजी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर आप्पासोंनी तो खुशीने झेलला असता. जमेल तेवढं वाकून तिने नमस्कार केला आणि ती जीपमध्ये बसली.

जीप गेल्यावर बऱ्याच वेळाने दगडाबाई भरली घागर घेऊन आली. पदर ओला झाला होता, धाप लागली होती.

"गेली व्हय? आवं, वर रुपया दिला न्हवं?"

"दिला," आप्पासो म्हणाले.

"मग येईल माघारी," म्हणत तिने घागर उतरवायला त्यांच्याकडे पाहिलं. आप्पासोंनी एकच हात पुढे केला. दुसऱ्या हाताची मूठ त्यांना उघडता येत नव्हती.